‘ऑफ’च्या अलीकडचा कर्ता

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्याच्या टपालात वाक्यशुद्धीचीच पत्रं जास्त आहेत. प्रवेश परीक्षांचे दिवस जवळ आले की दरवर्षी असं होतं, आणि सगळ्यांना ‘सेन्टेन्स करेक्शन’ (वाक्यातल्या अधोरेखित भागासाठी योग्य पर्याय निवडायचा प्रश्न) ही नवी पीडा वाटते. नव्या वाचकांसाठी एक सांगते. आपल्या मासिकात रोमन अक्षरं छापत नाहीत, म्हणून इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच येतात. सुरुवातीला मला ते पांढऱ्या साडीला लाल ठिगळ लावल्यासारखं वाटायचं. आता त्यात फायदाच दिसतो. स्पेलिंगची धास्ती जाते आणि वाक्याचा सांगाडा तेवढा समोर उरतो. या प्रश्नांत तोच तर पाहायचा असतो.

प्रश्न : बाई, मी बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. एका पतसंस्थेत नोकरी करते आणि रात्री एमबीएच्या सीईटीचा अभ्यास. पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून जीमॅटचं (एमबीएच्याच दुसऱ्या एका प्रवेश परीक्षेचं) एक जुनं जाडजूड पुस्तक अर्ध्या किमतीत आणलं. त्यात सेन्टेन्स करेक्शनचे शेकडो प्रश्न आहेत. रोज वीस सोडवते. दहातले सहा बरोबर येतात. दोन महिने झाले तरी सहाचे आठ होत नाहीत. क्लासचे सर सांगतात, वाक्य मनात म्हणून बघा, कानाला खटकेल ते चूक. माझ्या कानाला एकतर काहीच खटकत नाही, नाहीतर सगळंच खटकतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलींचा कान मी कुठून आणू?

उत्तर : तू मला ‘बाई’ म्हटलंस, म्हणून मी तुला ‘तू’ म्हणते.

आधी पुस्तकाचं. ज्या परीक्षेसाठी ते छापलं, त्या परीक्षेनेच हा प्रश्नप्रकार आता काढून टाकला आहे. त्याचा तपशील पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे. तरी तुझे पैसे वाया गेले नाहीत. तुझ्या सीईटीत २०० पैकी ५० प्रश्न इंग्रजी भाषा आणि उताऱ्यांचे असतात आणि त्यात वाक्यातली चूक शोधायला लागते. जीमॅटचे जुने प्रश्न त्याहून कठीण आहेत, पण फार नेटके रचलेले आहेत. शिकायला उत्तम. फक्त अ, अ‍ॅन, द यांच्या बारीकसारीक चुका त्यात फारशा सापडणार नाहीत आणि सीईटीत त्या येऊ शकतात. त्यांची तयारी वेगळी कर.

आता कानाचं. तुझ्या सरांचा सल्ला घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी ठीक आहे, आणि त्यांच्यासाठीही पुरता ठीक नाही. कारण प्रश्न काढणारा माणूस कानाला गोड लागणारं चूक वाक्यच मुद्दाम पर्यायात ठेवतो. कान फसावा म्हणूनच तो सापळा असतो. तुझ्याकडे त्याहून भरवशाची एक गोष्ट आहे आणि ती तू सातवी-आठवीत शिकली आहेस. वाक्यपृथक्करण आठवतं? उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार, असे चौकोन आखून आपण वाक्यं भरायचो. तेच इथे करायचं.

हे वाक्य घे : ‘द प्राइस ऑफ अनियन्स इन द लासलगाव मार्केट हॅव गॉन अप.’ कानाला खटकत नाही, कारण ‘हॅव’च्या आधी कांदे ऐकलेले असतात आणि कांदे पुष्कळ असतात. आता मराठी कर. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव वाढला. वाढलं कोण? भाव. ‘कांद्याचा’ला ‘चा’ लागलाय, ‘बाजारात’ला ‘त’ लागलाय. मराठीत प्रत्यय लागलेलं नाम क्रियापदाला आपल्या बाजूला वळवू शकत नाही, हे तू न शिकता पाळतेस. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने चिंच खाल्ली’. रामाला ‘ने’ लागला आणि क्रियापद त्याला सोडून आंब्यामागे, चिंचेमागे गेलं. इंग्रजीत प्रत्यय नामाला मागून चिकटत नाहीत, ते नामाच्या आधी सुटे उभे राहतात. ऑफ, इन, फ्रॉम, विथ, बाय, फॉर. म्हणून नियम एका वाक्याचा आहे : यांच्यानंतर आलेलं नाम क्रियापदाचा कर्ता होत नाही. ‘ऑफ’ दिसला की कर्ता त्याच्या अलीकडे शोध. ‘द प्राइस… हॅज गॉन अप.’

‘अ‍ॅलाँग विथ’ आणि ‘टुगेदर विथ’ यांनाही हाच न्याय. ‘राजा प्रधानांसह निघाला’ असं आपण म्हणतो, ‘निघाले’ नाही. ‘राजा आणि प्रधान निघाले’ मात्र म्हणतो. ‘सह’ने माणसं वाढतात, कर्ते वाढत नाहीत. ‘द किंग, अ‍ॅलाँग विथ हिज मिनिस्टर्स, हॅज लेफ्ट.’

अपवाद आहेत, ते पाठच करावे लागतील. ‘अ नंबर ऑफ गर्ल्स आर’ पण ‘द नंबर ऑफ गर्ल्स इज’. पहिल्यात ‘बऱ्याच मुली’, दुसऱ्यात ‘मुलींची संख्या’. मराठी केलंस की हेही सुटतं. ‘हाफ ऑफ द मँगोज आर’ आणि ‘हाफ ऑफ द मँगो इज’ हेही तसंच : अर्धे आंबे गेले, अर्धा आंबा गेला.

आता सोडवून दाखवते. वाक्य असं : ‘द कलेक्शन ऑफ लेटर्स फाउंड इन द ओल्ड वाडा, अ‍ॅलाँग विथ टू मॅप्स, हॅव बीन सेंट टू पुणे.’ अधोरेखित भाग ‘हॅव बीन सेंट’. पर्याय पाच. जीमॅटमध्ये पहिला पर्याय नेहमी मूळ वाक्याचाच असायचा, म्हणजे तो पुन्हा वाचायची गरज नाही. पाचही पर्याय वाक्यात घालून पाच वेळा वाचत बसू नकोस. तू वीस प्रश्नांना किती वेळ लावतेस ते लिहिलं नाहीस, पण मला खात्री आहे की तू पाचही वाचतेस. पर्याय उभे वाच, वरून खाली, पहिला शब्द फक्त : हॅव, हॅज, वेअर, आर, हॅविंग. फरक कुठे आहे ते कळलं, आता वर जाऊन अंगठ्याने उद्देश्यविस्तार झाक. ‘ऑफ लेटर्स’पासून ‘मॅप्स’पर्यंत सगळं झाकलं जातं. उरलं ‘द कलेक्शन… टू पुणे’. संग्रह एक आहे. हॅव, वेअर, आर गेले. ‘हॅविंग बीन सेंट’ म्हणजे ‘पुण्याला पाठवला असून’, आणि पुढे काहीच नाही. वाक्य दारात एक पाय ठेवून उभं राहतं. तेही गेलं. ‘हॅज’ उरला. यात कानाचं काम कुठेच पडलं नाही.

इथवर तुझं मराठी तुझ्या बाजूने होतं. आता जिथे ते दगा देतं ते सांगते, कारण माझ्या मते तुझे चार चुकतात ते इथेच.

पहिला दगा ‘ताना’चा. ‘कोल्हापूरला पोहोचताना पाऊस सुरू झाला.’ मराठीत एकदम शुद्ध. पोहोचलो आपण, सुरू झाला पाऊस, कोणाची तक्रार नाही. इंग्रजीत ‘रीचिंग कोल्हापूर, द रेन बिगॅन’ लिहिलंस की पाऊस एसटीने कोल्हापूरला आला असा अर्थ होतो. सुरुवातीचा ‘इंग’वाला तुकडा स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल त्यालाच जाऊन चिकटतो. मग ओळखायचं कसं? मी माझ्या वर्गातल्या मुलींना एक युक्ती द्यायचे. ‘इंग’चं मराठी करताना ‘ताना’ वापरू नका, ‘ऊन’ वापरा. ‘कोल्हापूरला पोहोचून पाऊस सुरू झाला.’ आता खटकलं की नाही? ‘ऊन’ला दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो, इंग्रजीच्या ‘इंग’सारखाच. ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं यात कधीकधी निसटतात (‘दमून मला झोप लागली’ हे आपल्याला चालतं), तेवढी संभाळ. बाकी युक्ती पक्की आहे.

त्याचा भाऊ ‘लेला’. ‘बॉइल्ड फॉर टेन मिनिट्स, वी सर्व्हड द पोटॅटोज.’ मराठीत शब्दाला शब्द ठेव : दहा मिनिटं उकडलेल्या आम्ही बटाटे वाढले. बार्शीच्या मे महिन्यात हे खरंही असेल, पण परीक्षेत चालणार नाही.

दुसरा दगा ‘पेक्षा’चा. आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘माझा पगार भावापेक्षा जास्त आहे’. पगाराची तुलना अख्ख्या भावाशी! समोरच्याला कळतं, म्हणून भागतं. इंग्रजीत ‘माय सॅलरी इज हायर दॅन माय ब्रदर’ चालत नाही, ‘दॅन माय ब्रदर्स’ हवं, म्हणजे ‘भावाच्या पगारापेक्षा’. ‘द मँगोज ऑफ रत्नागिरी आर स्वीटर दॅन कर्नाटक’ यात गोडीची तुलना एका राज्याशी झाली. ‘दॅन दोज ऑफ कर्नाटक’. आंबे कुठले गोड यावर मी इथे मत देत नाही, मागे दिलं होतं तर पत्रं आली होती.

तिसरा, ‘पासून’. हा माझ्या जिव्हारी लागलेला आहे. १९८७ साली मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले. समोर तीन माणसं. त्यातल्या एकांनी विचारलं, साताऱ्यात किती वर्षं? मी ताठ बसून सांगितलं, ‘सर, आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स माय बर्थ.’ ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कागदावर काहीतरी लिहिलं. मला नोकरी मिळाली, पण ते काय लिहिलं असेल हे मला घरी येताना एसटीत कळलं आणि पुढचे कितीतरी दिवस अंगावर काटा यायचा. ‘मी जन्मापासून साताऱ्यात राहते’. मराठीत ‘राहते’ वर्तमानकाळ, म्हणून इंग्रजीतही वर्तमान ओढला. इंग्रजीत ‘सिन्स’ आला की मागचं आजपर्यंत आणावं लागतं : ‘आय हॅव लिव्हड हिअर’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’. इंग्रजी शिकवायला निघालेली बाई आणि ही चूक. तेव्हापासून मी माझ्या चुका लिहून ठेवते.

चौथा लहान आहे. ‘कंपनीने पगार वाढवला, शिवाय त्यांनी बोनस दिला.’ मराठीत कंपनी लगेच ‘ते लोक’ होते. या परीक्षांच्या इंग्रजीत ‘द कंपनी’ला ‘दे’ नको, ‘इट’ हवं.

आणि एक, दग्याच्या उलट. समांतर रचना म्हणतात ना, पॅरलल वगैरे, त्यात घाबरू नकोस. ‘शी लाइक्स रीडिंग, टू स्विम अँड कुकिंग.’ तिला वाचणं, पोहायला आणि स्वयंपाक आवडतो. कुठल्याही मराठी मुलीला हे दातात खडा आल्यासारखं लागेल. ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’मध्ये तर मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. आपला ‘च’ आणि ‘ही’ ज्या शब्दाचे त्याच शब्दाला चिकटतात : तो तबलाच नव्हे तर पेटीही वाजवतो. मग इंग्रजीतही तबला आणि पेटी यांच्याच आधी ते तुकडे हवेत : ‘ही प्लेज नॉट ओन्ली द तबला बट ऑल्सो द हार्मोनियम.’ ‘नॉट ओन्ली’ जर ‘प्लेज’च्या आधी गेला, तर ‘बट ऑल्सो’नंतर दुसरं क्रियापद पाहिजे. तोल म्हणतात तो एवढाच.

आता करायचं काय. रोज वीस बंद कर, आठ कर. एक दोनशे पानी वही घे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला अर्धं पान. त्यात बरोबर उत्तर लिहिण्याला मी फारशी किंमत देत नाही. उरलेले चार का चूक हे लिही, मराठीत लिही, आणि शेवटी एका शब्दात कारण : ऑफ, ताना, पेक्षा, पासून, कंपनी, तोल. आणखी कारणं निघतील, त्यांना तुझी नावं दे. माझ्याकडे शिकायला यायची त्या वाईच्या एका मुलीने असं दीड महिना केलं आणि एका रविवारी वही घेऊन आली. म्हणाली, बाई, मला वाटत होतं मला इंग्रजी येत नाही, पण मला फक्त ‘पेक्षा’ येत नाही. पानंच्या पानं ‘पेक्षा’. आठ दिवस तिने तेवढंच केलं.

बरोबर आलेल्या सहांतही बघ. त्यातले दोन तरी अंदाजाने आले असतील, त्यांच्यापुढे टिंब दे. ते बरोबर धरायचे नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, परदेशात एमबीए करायचं म्हणतो, जीमॅट देणार आहे. घरात मोठ्या मुलीची २०१४ सालची पुस्तकं जपून ठेवली आहेत. मी त्याला म्हणालो, आधी सेन्टेन्स करेक्शन पक्कं कर. तो म्हणतो ते आता नसतंच. अभ्यास टाळायला सांगतोय का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही हो, खरं सांगतोय. ७ नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅटची नवी आवृत्ती सुरू झाली आणि ३१ जानेवारी २०२४ नंतर जुनी बंद झाली. जुन्या परीक्षेत शेवटच्या वर्षांत इंग्रजीच्या विभागात ६५ मिनिटांत ३६ प्रश्न असत आणि त्यातले एक तृतीयांशाच्या आसपास वाक्यशुद्धीचे. नवीत इंग्रजीचे २३ प्रश्न, ४५ मिनिटं, आणि फक्त उतारे व तर्क. वाक्यशुद्धी गेली, निबंध गेला, गणितातली भूमितीही गेली. गुणही आता २०५ ते ८०५ मोजतात, जुने २०० ते ८०० होते. त्यामुळे मुलीचे गुण आणि मुलाचे गुण शेजारी ठेवून घरात तुलना करू नका, ती माझी स्वतंत्र विनंती. जीआरई ही दुसरी प्रवेश परीक्षा द्यायचं ठरलं तरी तिथेही असा वाक्यशुद्धीचा प्रश्न नसतो.

तुमच्या जुन्या पुस्तकांतले उताऱ्यांचे आणि तर्काचे प्रश्न त्याला अजून कामाचे आहेत. वाक्यशुद्धीची पानं बार्शीच्या मुलीसारख्या कोणाला द्या.

प्रश्न : गेल्या अंकात आपण ‘नन ऑफ द लेटर्स आर’ चूक आणि ‘इज’ बरोबर असं ठामपणे छापलंत. मी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, पत्रं एकवचनी नसतात एवढं मला कळतं. (एक निवृत्त पोस्टमास्तर, देवरुख)

उत्तर : चूक माझी. ‘नन’ला एकवचनच हवं असं मला ज्यांनी शिकवलं त्यांनाही तसंच शिकवलं होतं. प्रत्यक्षात दोन्ही चालतं आणि चांगल्या लेखकांच्या इंग्रजीत दोन्ही सापडतं. ‘एकही नाही’ मनात असेल तर एकवचन, ‘कोणतीच नाहीत’ असेल तर अनेकवचन. जिथे दोन्ही चालतं तिथे जाणता प्रश्नकर्ता शक्यतो प्रश्न काढत नाही, म्हणून विद्यार्थ्यांचं नुकसान झालं नसावं. माझं मात्र झालं. आमच्याकडे सकाळी तो अंक आला तेव्हा ‘ह्यांनी’ तेच वाक्य बोट ठेवून दाखवलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. तुमचं पत्र आल्यापासून ते खुशीत आहेत.

प्रश्न : मॅडम, मी लातूरचा. एनमॅट आणि स्नॅप या एमबीएच्या प्रवेश परीक्षा देतोय. आमच्या ग्रुपवर तीन टिप्स फिरतात. ‘बीइंग’ दिसलं की तो पर्याय काटायचा, सगळ्यात छोटा पर्याय निवडायचा, आणि पॅसिव्ह कधीच बरोबर नसतं. वेळ खूप कमी असतो म्हणून विचारतो, वापरू का?

उत्तर : वेळ कमी असतो हे खरं. एनमॅटमध्ये भाषेच्या ३६ प्रश्नांना २८ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट आणि वर एखादा श्वास. स्नॅपमध्ये ६० मिनिटांत एकंदर ६० प्रश्न. पण स्नॅपमध्ये चुकीला पाव गुण कापतात, एनमॅटमध्ये कापत नाहीत, म्हणून दोन्हीकडे एकच टिप वापरणं हाच मुळात अविचार.

‘बीइंग’चं खूळ जीमॅटच्या क्लासांतून आलं. तिथे चुकीच्या पर्यायांत ‘बीइंग’ पुष्कळदा असायचं, म्हणून कोणीतरी त्याला गुन्हेगार ठरवलं. ‘द ब्रिज इज बीइंग रिपेअर्ड’ यात काय चूक आहे? पुलाची दुरुस्ती चालू आहे, इंग्रजीत ते तसंच म्हणतात. ‘बीइंग’ दिसलं तर थांबून बघ, एवढाच त्याचा अर्थ.

छोट्या पर्यायाचं निम्मं खरं आहे. एकाच अर्थाचे दोन शब्द असतील तर एक जातो : ‘रिटर्न बॅक’, ‘रिपीट अगेन’, ‘द रीझन इज बिकॉज’. शेवटचं म्हणजे ‘कारण हे की, कारण’. आपल्याकडेही ‘परत एकदा पुन्हा’ म्हणणारी मंडळी आहेत. पण ‘दॅन दोज ऑफ कर्नाटक’ हे ‘दॅन कर्नाटक’पेक्षा लांब आहे आणि तेच बरोबर आहे. तुझ्या टिपेने तो गुण गेला असता.

कर्मणी प्रयोगाला तर मी कोणाला हात लावू देणार नाही. ‘चोर पकडला गेला’ यात चुकीचं काय? कोणी पकडला ते माहीत नसेल किंवा महत्त्वाचं नसेल तेव्हा इंग्रजीलाही तो लागतो.

टिपांऐवजी एक यादी देते, ती लातुरात, साताऱ्यात, सगळीकडे उपयोगी आहे. आपल्या मराठीतून इंग्रजीत घुसलेली शब्दयोगी अव्ययं : ‘डिस्कस अबाउट’ (विषयावर चर्चा करतो म्हणून), ‘मॅरीड विथ’ (मुलाशी लग्न करतो म्हणून, पण इंग्रजीत ‘मॅरीड टू’), ‘ऑर्डर्ड फॉर टू टीज’, ‘रीच्ड टू सोलापूर’. ‘डिस्कस’, ‘ऑर्डर’ आणि ‘रीच’ यांना मध्ये कोणी लागत नाही, ते सरळ कर्मावर जातात. चूक शोधण्याच्या प्रश्नांत अशी वाक्यं सर्रास भेटतात. पाऊण मिनिटात ती ओळखली तर तुझा वेळ वाचेल आणि तो तू अवघड प्रश्नांना दे. तुझ्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः उघडून वाच. परीक्षांचे आराखडे बदलतात आणि ग्रुपवर जुनेच फिरत राहतात.

प्रश्न : बाई, माझं वय ४७. वसईला राहते. लेक सीईटीचा अभ्यास करते, तिला सोबत म्हणून मी रात्री चहा करून तिच्याबरोबर प्रश्न सोडवायला बसले आणि आता तिच्यापेक्षा मलाच जास्त गोडी लागली आहे. परीक्षा द्यायची नाही, नोकरी करायची नाही. नुसतं करावंसं वाटतं. वेडेपणा आहे का? आणि प्रश्न संपले की काय करू?

उत्तर : मुळीच वेडेपणा नाही. शब्दकोडं सोडवणाऱ्या पुरुषाला कोणी विचारत नाही, परीक्षा कुठली म्हणून.

प्रश्न संपले की घरात येणारं इंग्रजी वाचा. सोसायटीच्या नोटिसा, औषधाच्या डब्यातली घडी, गॅसच्या शेगडीबरोबर आलेलं पुस्तक, लग्नाच्या पत्रिका. आमच्या सोसायटीत मागच्या महिन्यात नोटीस लागली होती : ‘मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू नॉट वेस्ट वॉटर, स्विच ऑफ लाइट्स अँड पार्किंग इन देअर ओन प्लेस.’ तीन कामं, त्यातलं तिसरं रांग सोडून उभं. ‘पार्किंग’ नको, ‘पार्क’ हवं. शिवाय नीट पाहिलं तर दिवे बंद करणं हेसुद्धा ‘नॉट’च्या खाली येतं, म्हणजे दिवे बंद करू नका असा हुकूम झाला! सेक्रेटरींना मी सांगितलं नाही, त्यांच्या घरी आमची पाण्याची तक्रार पडून आहे. पण तुम्ही असलं काही दिसलं की वहीत उतरवा आणि दुरुस्त करून लेकीला दाखवा. तिने तुमच्या दुरुस्तीत चूक काढली तर तिचा अभ्यास होईल, नाही काढली तर तुमचा झाला.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पत्र आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं आणि लाजून फाडलं. पुढच्या वेळी फाडू नका, तेच पाठवा. मी लाल पेन काढून ठेवते.